कडू कंदाचं पिंप

आत्यांच्या हातात काहीही आलं की त्या आधी ते हुंगायच्या. भाजी, साबण, पोस्टानं आलेलं पाकीट, माणसाचा तळहातसुद्धा. माझी त्यांची पहिली आठवण आहे ती त्यांच्या नाकाचीच. मी तापानं फणफणून त्यांच्या पडवीत पडलेली, आणि एक उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांची बाई वाकून माझं कपाळ हुंगतेय. म्हणाली, "टायफॉइड न्हाय. उपास हाय नि भीती हाय. पेज घाला हिला." पेज घालायला त्या घरात दुसरं कुणी नव्हतंच. जरा वेळ वाट बघून त्या स्वतःच उठल्या.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावातही कुणी घेत नसे. लग्न केलं नाही, त्यामुळे सगळं गाव माहेर आणि लहानथोर सगळ्यांच्या त्या आत्या. साठीचा बाप्यासुद्धा "आते" म्हणून हाक मारायचा. रोह्याकडच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. लागल्या तेव्हा बाटल्या धुवायच्या, सुटल्या तेव्हा नमुने तपासायच्या. तिथंच नाक तयार झालं, असं म्हणायच्या. "कसं तां मागनं बघू. आधी कशाचं तां विचार." दिवसातून चारदा तरी हे वाक्य. कुणी लाडू दिला तरी तेच, कुणी स्थळ सुचवलं असेल तेव्हाही तेच म्हणाल्या असतील.

मी हिंगोलीकडची. शाळा पाचवीत सुटली, पुढं नवऱ्यानंही सोडलं. त्या मोठ्या वादळात श्रीवर्धनच्या अंगाला सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा पडलेली झाडं तोडून ओढून काढायला ठेकेदारानं आमच्याकडून माणसं नेली. त्या टोळीत मी होते. टोळी पुढं हरिहरेश्वरकडं गेली आणि मी तापात मागं राहिले. जवळ दोन साड्या, कागदावर लिहिलेला आईचा नंबर, आणि ज्यात हे सगळं घालून आणलं ते घरचं तुराट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं टोपलं.

बरी झाल्यावर मला एकच धास्ती. आज ना उद्या ही बाई म्हणणार, झालीस ना बरी, मग लाग वाटेला. म्हणून मी पहाटे त्यांच्या आधी उठून अंगण झाडायची. दुपारी परत झाडायची. संध्याकाळी परत. आठ दिवसांनी आत्या पायरीवर बसून म्हणाल्या, "बाय, अंगणाला भोक पडल. वाचता येता का तुला?"

"येतं थोडं."

"आकडे?"

"पॉइंटच्या पुढचे नाही येत."

"तेच पायजेत मला," असं म्हणून त्यांनी आतून काचेची एक नळी आणली. ती पाण्यात सोडली की उभी तरंगायची, आणि तिच्यावर बारीक आकडे. पाण्यात एवढी बुडते, स्पिरिटमध्ये एवढी बुडते. पॉइंटच्या पुढचं गणित मी त्या नळीवर शिकले, तिसाव्या वर्षी, एका पडवीत. चुकले तर त्या ओरडायच्या नाहीत. नळी पुसून पुन्हा हातात द्यायच्या. इतक्या वेळा एखादी गोष्ट माझ्या हातात परत देणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं.

आत्या कंदांपासून इंधन काढायच्या. इंजिनात घालायचं.

याच्यामागं त्यांचा भाऊ होता. त्याच वादळाच्या दुसऱ्या दिवशी वाडीत अर्धवट मोडलेली सुपारी त्याच्या कमरेवर आली. रस्त्यावरची झाडं लोकांनी दिवसभर कापली, वाट झाली, जीपही मिळाली, पण जीपमध्ये पेट्रोल नव्हतं. वीज नाही म्हणून पंप बंद. गावातल्या मोटारसायकलींना नळी लावून लोकांनी तोंडानं ओढून पेट्रोल जमवलं. जीप निघाली आणि दवाखान्याच्या अलीकडच्या चढावर बंद पडली. ढकलत नेईपर्यंत भाऊ गेला होता. आत्या ही हकीकत सांगताना रडायच्या नाहीत. म्हणायच्या, "अर्धा लिटर कमी पडला." आणि दोन बोटं अशी लांब धरून दाखवायच्या, जणू तेवढं अंतर होतं.

म्हणून पडवीत ते निळं पिंप. दर पावसाळ्याच्या आधी ते भरलेलं पाहिजे, गावात कुणालाही लागलं तर. अजून एकदाही भरलं नव्हतं. देव्हाऱ्यात गणपतीच्या शेजारी अर्ध्या लिटरची एक काचेची बाटली होती, पहिल्या भट्टीची, गच्च बूच लावलेली. तिला त्या रोज फूल वाहायच्या. गावाला तेवढं पुरे होतं. "आतेच्या देव्हाऱ्यात बाटली हाय," असं येताजाता चालायचं. शेजारचे गणूभाऊ तर कुंपणावरून रोज विचारायचे, "आते, क्वार्टर हाय का?"

"हाय ना. पेट्रोल मिसळलाय त्यात. पी, म्हंजे तू तरी चालायला लागशील."

गणूभाऊ हसायचे. त्यांची म्हैस होती, एकच. तिचं ताक ते आम्हाला तांब्याभर रोज द्यायचे. क्वार्टरची थट्टा आणि ताकाचा तांब्या कुंपणावरून एकाच वेळी यायचा.

कोकणात कंदांना तोटा नाही. रताळी, सुरण, कणगर, करांदे. पण आत्या त्यांना हात लावायच्या नाहीत. "माणूस खातो तां जाळायचा न्हाय." त्यांनी धरला होता तो कडू कंद. डोंगरउतारावर वेल आपोआप वाढतो, पानं झडली की खाली उशीएवढा कंद. डुक्करसुद्धा उकरून हुंगतं आणि तसाच टाकून जातं. कातकरीवाडीतली माणसं तो खणून आणून द्यायची. सोलताना हाताला खाज सुटायची. पूर्वी फार उपासमार झाली तर कातकरी लोक तो चकत्या करून, राखेत शिजवून, दोन दिवस वाहत्या ओढ्यात ठेवून मग खायचे, असं आत्या एकदा सोलता सोलता बोलल्या. मी ऐकलं. माझ्या डोक्यात त्यातलं 'शिजवून खायचे' एवढंच राहिलं.

कंदाच्या चकत्या शिजवून लापशी करायची. ती कोमट झाली की मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं पीठ घालायचं, त्यानं लापशी गोड होते. मग पाववाल्याकडचं यीस्ट. चार-पाच दिवस ते मागच्या दुसऱ्या पिंपात बुडबुडत राहतं. आत्या पिंपाला कान लावून बसायच्या आणि म्हणायच्या, "बोलतंय." मग भट्टी. वाफ नळीतून थंड पाण्यात फिरवली की थेंब थेंब पडायला लागतो. तो थेंब कळीच्या चुन्यावर ठेवून त्यात उरलेलं पाणी शोषून काढायचं, आणि कुणी पिऊ नये म्हणून लगेच पेट्रोल घालायचं.

नाचणी तेवढी खायची वस्तू. तिच्यावाचून चालत नव्हतं. आत्या तिला लाच म्हणायच्या. ज्या दिवशी पिंपात नाचणी पडायची त्या दिवशी भाकरी खायच्या नाहीत. नुसता भात नि कढी. मला खायला लावायच्या. "तुझा काय संबंध? लाच मी दिल्ये."

सरकारी परवानगीचा कागद त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या तोरणाखाली टांगला होता. तो दर वर्षी नवा करावा लागे आणि त्याला ग्रामसभेची ना-हरकत लागे. त्या दिवसांत आत्या गावाशी फार गोड वागायच्या. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

एका एप्रिलची गोष्ट. चार दिवस वीज नव्हती. गणूभाऊंनी वादळानंतर लावलेली सुपारीची रोपं करपायला आली होती. पेट्रोलवरचा जुना पंप त्यांच्याकडं होता. आत्या म्हणाल्या, "माझा घालून बघ." गणूभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "आते, पंप झिंगल."

पंप आधी खोकला. दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा धरला आणि पाटातून पाणी धावलं. धुराला पेट्रोलचा वास नव्हता. रताळी भाजताना कडेला जरा जळतात ना, तसला वास. पोरं धुरामागं पळत होती. गणूभाऊ पाण्यात पाय घालून उभे राहिले. मग म्हणाले, "व्हय, चालता." आत्यांनी पाण्याचीही ओंजळ भरून हुंगली. त्यांना एवढं खूश मी पुन्हा बघितलं नाही.

आता खड्ड्याचं सांगते. मी ते लांबवतेय.

भट्टी झाली की तळाशी चोथा उरायचा, घट्ट, करडा, आंबूस-गोड वासाचा. घरामागं खोल खड्डा होता. चोथा त्यात टाकायचा, वर चुना आणि राख, वर माती. एक घमेलंही बाहेर राहता कामा नये. पहिल्या वेळी मी विचारलं होतं, "का पुरायचं?" आत्या म्हणाल्या, "पुरायचा म्हंजे पुरायचा." कशाचं ते विचार म्हणणारी बाई, पण एवढं एक विचारलेलं त्यांना चाललं नाही.

मला ते बघवायचं नाही. आमच्याकडं दुष्काळात आईनं छपराचं गवत उपसून गाईपुढं टाकलंय. उघड्या छपराखाली बसून आम्ही गाय चघळताना बघायचो. आमच्या मुलखात जनावराच्या तोंडचं मातीत घालणं म्हणजे पाप. इथं शिजवलेलं, मऊ, गोड लागेल असं घमेल्यांनी पुरत होतो, आणि कुंपणापलीकडं एक म्हैस वाळलेला पेंढा खात उभी, आणि मी तिचं ताक रोज पीत होते. मला वाटायचं, कारखान्यातल्या बाईला जनावराचं काय कळणार.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये आत्या कागदाच्या कामाला अलिबागला गेल्या. मुक्काम होता. मी एकटीनं भट्टी उतरवली. निळं पिंप कमरेच्या वर भरलं होतं. यंदा काठाला लागणार असं आत्या म्हणायच्या. मी खूश होते. खड्ड्याकडं जाता जाता थांबले. घरचं टोपलं काढलं, चोथ्यानं भरलं आणि कुंपणाच्या फटीतून म्हशीपुढं ठेवलं. तिनं आधी हुंगलं. डुकरासारखं टाकून जाईल तर शपथ. कंद शिजला होता, गोड झाला होता. तिनं टोपलं चाटून पुसून रिकामं केलं. मी ते पुन्हा भरून फटीतूनच गव्हाणीत ओतलं. मला लई बरं वाटलं. ताकाची काहीतरी फेड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस उभी थरथरत होती. तोंडाला फेस. मग खाली बसली, मग मान टाकली. श्रीवर्धनहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोटावर हात ठेवून विचारलं, "काय खाल्लं हिनं?" गणूभाऊ म्हणाले, "पेंढा. दुसरा काय?" डॉक्टरांनी गव्हाणीतला एक करडा गोळा उचलला आणि विचारलं, "आणि हे?"

मी कुंपणाला धरून उभी होते. तोंड उघडलं असतं तर दोन शब्द होते, मी घातलं. मला दिसत होतं ते दोन साड्या आणि एस.टी. स्टँड. मी गप्प राहिले. दुपारपर्यंत म्हैस गेली. गाभण होती.

आत्या संध्याकाळच्या एस.टी.नं आल्या. गणूभाऊंच्या आवारात माणसं जमलेली. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. गोळा हुंगला. मग आमच्या अंगणात आल्या, खड्ड्याकडं बघितलं, त्यात नवा चुना पडलेला नव्हता. दाराशी पालथ्या घातलेल्या माझ्या टोपल्याकडं बघितलं. ते मी घासून धुतलं होतं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता.

त्या कुंपणाशी गेल्या आणि म्हणाल्या, "गणू, चोथा मी घालायला सांगितला. माझी चूक."

"आते, तू?"

"मी. ही घाटावरची, हिला काय ठावं? सांगितला तां केलान."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "उद्या पोरांना घालशील." त्यावर त्यांनी मान खाली घातली. मी त्यांची मान खाली गेलेली कधी बघितली नव्हती.

घरात आल्यावर त्यांनी चूल पेटवली. मी पायांवर डोकं ठेवायला गेले तर पाय मागं घेतले. "टोपला खड्ड्यात टाक. वर चुना घाल." घरचं तेवढंच माझ्याजवळ होतं. मी टाकलं.

चार दिवसांनी कंद सोलायच्या पाटावर बसून, हातात कंद नसताना, त्या बोलल्या. "ईख हाय त्यात, जहर. शिजवून जात न्हाय, वाहत्या पाण्यात जाता. भट्टीत तर उलटा दाट होता. मला ठावं होता. तुला सांगितला न्हाय."

"का नाही सांगितलं आत्या?"

"तू बोलली असतीस कुठंतरी. गावाला कळला असता की आते ईख शिजवते. मग ना-हरकत कोण देणार? पिंप भरायचा व्हता मला." मग पाटावरून उठता उठता म्हणाल्या, "तू विचारला व्हतास. मीच सांगितला न्हाय."

ग्रामसभेत ना-हरकतीला विरोध म्हणून हात वर झाले. पहिला हात गणूभाऊंचा. जुन्या कागदाची मुदत महिनाअखेर संपत होती. त्यानंतर घरात थेंबही ठेवता येणार नव्हता. लोकांना वाटलं, आत्या ओतून टाकतील. त्या म्हणाल्या, "ओतायला काय तां सांडपाणी हाय?" आम्ही दोघींनी कॅन भरभरून गणूभाऊंच्या वाडीत नेले. पंप लावला. गणूभाऊ बांधावर पाठ करून बसले. तीन दिवस तो पंप चालला. सकाळी सुरू, उन्हं उतरल्यावर बंद. ज्याची म्हैस आम्ही मारली त्याच्या सुपाऱ्या आमच्या पिंपावर भिजत होत्या, आणि वाडीभर भाजल्या रताळ्याचा वास. यंदा एकही पोर धुरामागं पळालं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिंप संपलं. पंप खोकला आणि गप्प झाला. शेवटची एक ओळ कोरडी राहिली होती. आत्या उठल्या, घरी गेल्या आणि देव्हाऱ्यातली बाटली घेऊन आल्या. बुचाला फुलाची पाकळी चिकटलेली होती. मी म्हटलं, "आत्या, ही राहू द्या." त्यांनी बूच काढलं, हुंगलं आणि टाकीत ओतलं. पंप पुन्हा लागला. त्या पाटाशी उभ्या राहून पाणी कुठवर जातंय ते बघत राहिल्या. ओळ भिजत गेली. शेवटची तीन झाडं कोरडी राहिली आणि पाणी थांबलं.

त्या पावसाळ्यात वीज जायची, यायची. मोठं काही झालं नाही. पण वारा सुटला की आत्या पडवीत रिकाम्या पिंपावर हात ठेवून बसायच्या. हळूहळू त्यांचं हुंगणं बंद झालं. मी सुकटीची चटणी पुढं केली तर विचारलं, "कशाची?" आधी मला थट्टा वाटली. मग कळलं, त्यांना वासच येत नव्हता. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. नवरात्राच्या आधी त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप. दाराशी जीप होती, जीपमध्ये पेट्रोल होतं, रस्ता मोकळा होता. त्यांनीच जायला नको म्हटलं.

जायच्या आधी त्यांनी एक फोन लावून घेतला होता, जुन्या कारखान्यातल्या एका माणसाला, जो आता घाटावर दुसरीकडं मोठा साहेब होता. "आमची एक बाय हाय. पॉइंटच्या पुढचा वाचते." एवढंच बोलल्या.

गाव सोडताना मी गणूभाऊंकडं गेले. ते सुपारी सोलत बसले होते. उभ्या उभ्या सांगितलं की म्हशीला मी घातलं, आत्या तर गावातही नव्हत्या.

ते सोलत राहिले. म्हणाले, "ठावं हाय."

"कसं?"

"त्या सकाळी कुंपणाशी काडी पडली व्हती टोपल्याची. आमच्याकडं टोपल्या बांबूच्या. तसली काडी या गावात एकाच टोपल्याला."

"मग बोलला का नाहीत?"

"गावची आते तोंडावर उभी राहून खोटा बोलली. तिला खोटा कोण पाडणार?"

"आणि सभेत हात?"

सुपारीचं साल त्यांच्या हातात तसंच राहिलं. "म्हैस गेली व्हती गो," ते म्हणाले. "कुणावर तरी वर करायचा व्हता." मग आत गेले आणि एक तांब्या घेऊन आले. पाणी होतं. मी प्याले आणि निघाले.

आता मी घाटावरच्या त्या कारखान्यात आहे. इथं मक्यापासून इंधन काढतात, आत्यांच्या शंभर पिंपांएवढ्या टाक्या आहेत. घरापासून अजून लांबच. मी नमुन्यांच्या बाटल्या धुते आणि आकडे लिहून ठेवते. इंधन काढून उरलेला चोथा इथं वाळवतात, पोती भरतात, आणि ती दुपारी मागच्या फाटकातून जनावरांसाठी जातात. त्या गाड्यांशी माझा काही संबंध नाही. तरी मी रोज फाटकाशी जाते. एका पोत्यात हात घालते, मूठभर काढते, हुंगते आणि ड्रायव्हरला विचारते, "कशाचं आहे?"

"मक्याचं, मावशी. काल बी मक्याचंच होतं, उद्या बी मक्याचंच राहणार."

पहारेकरी हसतो, ड्रायव्हर हॉर्न मारतो. मी पुन्हा एकदा हुंगते. मग बाजूला होते.